प्राणवायूचें विष

एखाद्या परकी शब्दाला देशी प्रतिशब्द देतांना भाषांतरकार नकळत आपलें एक मतहि त्यांत घालून ठेवतो. ‘ऑक्सिजन’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘अम्ल उत्पन्न करणारा’ असा आहे. लाव्हाझिएनें तो योजला तेव्हां, अम्ल म्हटलें कीं त्यांत हा वायु असलाच पाहिजे अशी त्याची समजूत होती, व ती पुढें खोटी ठरली. आमच्याकडील ग्रंथकारांनीं त्याला ‘प्राणवायु’ म्हटलें. हें नांव अधिक गोड आहे आणि शाळेंतल्या मुलाच्या मनांत तें कायमचें रुजतें, यांत शंका नाहीं. पण या गोडीमुळें त्या वायूचें दुसरें अंग आमच्या दृष्टीआड राहिलें. जो वायु लोखंडाला गंज आणतो, तेलाला खवट करतो आणि लाकडाची राख करतो, तोच सजीवाच्या शरीरांत शिरला म्हणजे मात्र केवळ उपकार करतो, असें मानावयास आधार काय?

ही शंका नवी नाहीं. ज्या जोसेफ प्रीस्टलेनें १७७४ सालीं हा वायु वेगळा करून दाखविला, त्यालाच ती प्रथम आली. या शुद्ध वायूंत मेणबत्ती जशी भराभर जळून संपते, तसें मनुष्याचें जीवितहि त्यांत लौकर जळून जाईल कीं काय, असा विचार त्यानें आपल्या ग्रंथांत मांडला होता. शंका तशीच पडून राहिली. तिचें उत्तर शेवटीं मिळालें तें डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंकडून. आणि तें नीट वाचावयास शास्त्रज्ञांना जवळजवळ दोनशें वर्षें लागलीं. या वाचनाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे, कारण त्यांतील बहुतेक पुरावा आरंभापासून सर्वांच्या डोळ्यांसमोर होता.

हा इतिहास १८१८ सालीं पॅरिसमध्यें सुरू होतो. लुई झाक थेनार हा शेतकऱ्याचा मुलगा. गरिबींतून वर येऊन तो प्राध्यापक झाला होता. बेरियमच्या पेरॉक्साइडवर निरनिराळ्या अम्लांची क्रिया करून पाहतांना त्याच्या हातीं एक चमत्कारिक द्रव लागला. दिसावयास पाण्यासारखा, परंतु पाण्याहून बराच जड, आणि पाण्याच्या दुप्पट प्राणवायु पोटांत बाळगणारा. आज आपण त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणतों. चांदीचा किंवा प्लॅटिनमचा नुसता स्पर्श झाला तरी हा द्रव फसफसून त्याचें पाणी व प्राणवायु होई, आणि धातु मात्र जशीच्या तशी राही. थेनार धातूंवर थांबला नाहीं, हें त्याचें मोठेपण. रक्तांतील फायब्रिन नांवाचें तंतुमय द्रव्य त्यानें त्यांत टाकून पाहिलें, तों तेंहि प्लॅटिनमसारखेंच वागलें! निर्जीव धातु आणि प्राण्याच्या शरीरांतील द्रव्य एकच काम करतात हें पाहून, अशाच एखाद्या शक्तीनें शरीरांतले रस तयार होत असावेत, असा तर्कहि त्यानें करून ठेवला. पुढें बर्झेलियसनें अशा क्रियांना ‘कॅटॅलिसिस’ हें नांव दिलें, त्या वेळीं थेनारचें हें निरीक्षण त्याच्यापुढें होतें.

वाचकांपैकीं बहुतेकांनीं हा प्रयोग घरीं केलेला आहे. मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर औषधाच्या कपाटांतल्या बाटलींतले चार थेंब टाकले कीं पांढरा फेंस येतो, आणि ‘पाहा, जंतु मरत आहेत’ असें घरांतील वडील मंडळी मुलाला समजावतात. वस्तुतः तो फेंस म्हणजे रक्तांतील व पेशींतील एक द्रव्य पेरॉक्साइडचाच नाश करीत असल्याची खूण आहे. रणांगणावर जो पडला त्यालाच आपण विजयी समजतों.

थेनारनंतर हा धागा बरींच वर्षें लोंबकळत राहिला. ओझोनचा शोध लावणाऱ्या शोनबाइननें १८६३ मध्यें अनेक वनस्पतींच्या व प्राण्यांच्या अंगीं ही शक्ति असल्याचें दाखविलें. पण ती सर्वच किण्वांची सामान्य शक्ति होय असें धरून त्यानें तो विषय मिटविला. ती एका स्वतंत्र द्रव्याची शक्ति आहे, हें सिद्ध करण्याचा मान तंबाखूच्या पानाला मिळाला. बव्हेरियाचा ऑस्कर लोव्ह हा टोकियो येथें अध्यापन करून अमेरिकेच्या शेतकी खात्यांत आला होता. तंबाखूचें पान मुरवितांना त्यांत काय घडतें, हें पाहण्याचें काम त्याच्याकडे होतें. त्या कामांतून १९०१ सालीं त्यानें ‘कॅटलेज’ या नव्या एन्झाइमची, म्हणजे शरीरांतील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या द्रव्याची, घोषणा केली. श्वसनांत पेरॉक्साइडसारखें विषारी द्रव्य उत्पन्न होत असावें व त्याचा तत्काळ नाश करण्यासाठीं निसर्गानें ही योजना केली असावी, हा त्याचा तर्क होता. शेतकी खात्याच्या अहवालांत असला तत्त्वविचार कोण वाचणार! कॅटलेज पुढें नांवारूपास आलें, १९३७ मध्यें सम्नर आणि डाउन्स यांनीं बैलाच्या यकृतापासून त्याचे स्फटिकहि काढले. पण तें कशासाठीं आहे हा लोव्हचा प्रश्न मागेंच राहिला.

इकडे जंतुशास्त्रांत एक निराळीच कथा चालली होती. १८६१ सालीं पाश्चर ब्युटिरिक अम्लाच्या किण्वनाचा अभ्यास करीत असतां त्यानें द्रवाचा एक थेंब कांचेखालीं ठेवून सूक्ष्मदर्शकांतून पाहिला. अशा थेंबांतले जीव एरवीं हवेसाठीं कडेला गर्दी करतात. येथें उलट दिसलें. कडेचे जंतु निश्चल पडले होते, आणि मध्यभागींचे, हवेपासून दूर असलेले, मोठ्या जोमानें हालचाल करीत होते. हवेवांचून जगणारे, किंबहुना हवेनें मरणारे, जीव आहेत हें पाश्चरनें या एका थेंबावरून ओळखलें. पण हवा त्यांना कां मारते? याचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें, आणि पुढील साठ वर्षें कोणापाशींच नव्हतें.

दोन्ही कथांची गांठ लीड्स येथील मॅक्लिऑड व गॉर्डन या जोडीनें घातली. न्यूमोनियाचे जंतु हवेंत वाढतांना स्वतःच पेरॉक्साइड तयार करतात, असें त्यांनीं १९२२ मध्यें दाखविलें. आणि पुढच्याच वर्षीं निरनिराळे जंतु घेऊन कोणाजवळ कॅटलेज आहे व कोण पेरॉक्साइडनें लौकर मरतो यावरून त्यांचें वर्गीकरणच मांडलें. हवेला भिणाऱ्या जंतूंजवळ कॅटलेज नव्हतें. यावरून त्यांचा सिद्धांत असा कीं, या जंतूंना प्राणवायु प्रत्यक्ष मारीत नाहीं. प्राणवायूपासून त्यांच्याच अंगांत तयार होणारें पेरॉक्साइड त्यांना मारतें. या विषयाच्या इतिहासांत मला हा सर्वांत धीट निष्कर्ष वाटतो. त्यांत एक छिद्र होतें, तें त्यांच्याच नळींत होतें. ज्या न्यूमोनियाच्या जंतूवरून सुरुवात केली, त्याच्याजवळहि कॅटलेज नसतें, आणि तो तर हवेंत खुशाल जगतो. अर्थात् ढाल एकच नसावी, आणि विषहि एकच नसावें.

दुसरें विष कोणतें, हें समजण्याआधीं त्याच्या दुसऱ्या ढालीचे स्फटिक शास्त्रज्ञांच्या हातीं येऊन गेले होते. १९३८ मध्यें केंब्रिजच्या मान व कायलिन यांनीं बैलाच्या रक्तापासून एक निळसर, तांबें असलेलें प्रथिन वेगळें केलें. तें काय करतें हें न कळल्यामुळें, शरीरांतील तांब्याची ती सांठवण असावी असें समजून त्याला एक नांव देऊन फडताळांत ठेवण्यांत आलें. एकतीस वर्षें तें तेथेंच राहिलें.

मधल्या काळांत प्राणवायूच्या विषाची साक्ष फार क्रूर रीतीनें मिळाली. १९४० नंतरच्या दशकांत पाश्चात्त्य देशांतील रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बालकांना वांचविण्यासाठीं भरपूर प्राणवायूंत ठेवीत. बालकें वांचत, आणि अंध होत. अशीं हजारों बालकें दृष्टीला मुकल्यावर, १९५४ च्या सुमारास, दोष त्या उदार प्राणवायूचाच असल्याचें निर्विवाद ठरलें. त्याच वर्षीं अर्जेंटिनांतून अमेरिकेंतील रॉचेस्टर येथें आलेल्या रेबेका गर्शमन या विदुषीनें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, क्ष-किरणांनीं होणारी इजा आणि अति प्राणवायूनें होणारी इजा यांचें मूळ एकच. दोहोंतहि अर्धवट, अस्थिर, जें दिसेल त्यावर तुटून पडणारे रेणु उत्पन्न होतात. त्या वेळीं या मताकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं.

या अस्थिर रेणूंचें गणित थोडक्यांत सांगतां येतें. प्राणवायूच्या एका रेणूचें पाणी होण्यास त्याला चार इलेक्ट्रॉन मिळावे लागतात. श्वसनाच्या सुव्यवस्थित यंत्रांत ते चारहि नीट पोंचतात. पण वाटेंत एखादा इलेक्ट्रॉन सांडला आणि एकटाच प्राणवायूवर चढला, तर होतो ‘सुपरऑक्साइड’. दोन चढले तर पेरॉक्साइड. आणि पेरॉक्साइडला मोकळें लोह भेटलें तर उत्पन्न होतो हायड्रॉक्सिल, कीं ज्याच्या तडाख्यांतून शरीरांतील कोणतेंच द्रव्य, आनुवंशिक द्रव्य डीएनए सुद्धां, सुटत नाहीं. या शेवटच्या क्रियेंतील लोहाची करामत केंब्रिजच्या फेंटननें १८९४ मध्येंच टार्टारिक अम्लावर वर्णिली होती. अर्थात् सजीवांचा विचार तेव्हां त्याच्या मनांत नव्हता.

१९६९ सालीं ड्यूक विद्यापीठांतील अर्विन फ्रिडोविच आणि त्यांचा विद्यार्थी जो मॅकॉर्ड यांनीं सुपरऑक्साइडचा नाश करणारें एन्झाइम बैलाच्या रक्तांतून शोधून काढलें. शुद्ध करून पाहतात तों तें कायलिनचें जुनेंच तांब्याचें प्रथिन! ‘सुपरऑक्साइड डिस्म्युटेज’ हें नवें नांव त्याला मिळालें. मग १९७१ मध्यें या मंडळींनीं मॅक्लिऑड-गॉर्डनचाच प्रश्न पुन्हां जंतूंना विचारला. हवेंत वाढणाऱ्या जंतूंजवळ हें एन्झाइम होतें, हवेनें मरणाऱ्यांजवळ तें आढळलें नाहीं. (पुढें कांहीं अपवाद सांपडले, हवेला भिणाऱ्या कित्येक जंतूंजवळ सुपरऑक्साइडचा बंदोबस्त करणारी निराळीच युक्ति असते, असें १९९९ मध्यें दिसून आलें.)

सर्वांना हें पटलें असें नाहीं. सुपरऑक्साइड हा रासायनिक दृष्ट्या इतका मवाळ आहे कीं त्याच्यापासून कसली इजा होणार, असा आक्षेप जेम्स फी यांच्यासारख्या रसायनज्ञांनीं घेतला, आणि तो आक्षेप पोकळ नव्हता. उत्तर पॅरिसच्या कार्लिओ व तुआती यांच्या प्रयोगानें १९८६ मध्यें दिलें. आपल्या आंतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूचीं हें एन्झाइम बनविणारीं दोन्ही जनुकें त्यांनीं मोडून टाकलीं. हा निःशस्त्र जंतु हवेवांचून उत्तम वाढला. हवेंत मात्र नुसत्या साखरेवर व क्षारांवर तो वाढेना. तयार अमिनो अम्लें भरविलीं तेव्हां कोठें वाढूं लागला. म्हणजे त्याचा एखादा कारखाना बंद पडला होता. कोणता, हेंहि लौकरच कळलें. जंतूच्या कित्येक एन्झाइमांच्या गाभ्यांत लोह व गंधक यांची एक नाजूक जुळणी असते. सुपरऑक्साइड नेमका तीवर आघात करून तिच्यांतलें लोह सुटें करतो. कारखाना बंद पडतो, आणि सुटलेलें लोह पेरॉक्साइडला भेटावयास मोकळें होतें. मवाळ माणसानें दार उघडून द्यावें आणि दरोडेखोरानें आंत शिरावें, तशांतला हा प्रकार.

येथवर ढालीची हकीकत झाली. पण ढाल सदैव हातांत धरून कोणी शेत नांगरीत नाहीं. विष आलें हें जंतूला कळतें कसें? या प्रश्नाचें उत्तर बर्कली येथील ब्रूस एम्स यांच्या प्रयोगशाळेंत निघालें. सॅल्मोनेला जंतूंच्या साहाय्यानें घातक रसायनें ओळखण्याच्या कसोटीमुळें एम्स यांचें नांव अगोदरच सर्वतोमुखी झालें होतें. त्याच जंतूला पेरॉक्साइडची अगदीं सौम्य मात्रा आधीं दिली, तर मागाहून दिलेल्या मारक मात्रेंतूनहि तो वांचतो, असें आढळलें. त्या अवधींत तो तीस प्रथिनें वाढवितो. पैकीं बारा पहिल्या दहा मिनिटांत. १९८५ सालीं क्रिस्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, या पहिल्या बारांपैकीं नऊ प्रथिनें एकाच जनुकाच्या हुकमतींत आहेत. त्याला ‘ऑक्सिआर’ म्हणतात.

हा हुकूम करणारा स्वतः कसा जागा होतो, याचा छडा लावण्याचें श्रेय मुख्यतः गिझेला स्टॉर्झ यांच्याकडे जातें. १९९० मध्यें एम्स यांच्याकडे असतांना, व पुढें १९९८ मध्यें स्वतःच्या प्रयोगशाळेंत, त्यांनीं तें यंत्र उलगडून दाखविलें. ऑक्सिआर या प्रथिनांत १९९ व्या आणि २०८ व्या जागीं गंधक असलेलीं दोन अमिनो अम्लें आहेत. एरवीं तीं अलग असतात. पेरॉक्साइडचा स्पर्श होतांच त्या दोन गंधकांची गांठ बसते, प्रथिनाची घडण बदलते, आणि त्या बदललेल्या रूपांत तें ढालीच्या जनुकांचें वाचन सुरू करवितें. कॅटलेज वाढतें, डीएनएला वेढा घालून लोह कोंडून ठेवणारें प्रथिन तयार होतें, आणि, हें विशेष, त्या दोन गंधकांची गांठ सोडविणारीं द्रव्येंहि वाढतात. पहारेकरी हांक देतो तेव्हांच आपल्याला पुन्हां निजविण्याची व्यवस्थाहि करून ठेवतो. त्याची झोंपहि किती सावध! जंतूच्या शरीरांत पेरॉक्साइडचें प्रमाण लिटरमागें ग्रॅमच्या दशलक्षांश भागाचे तीन-चार भाग इतकें झालें कीं तो जागा होतो. औषधाच्या दुकानांतील तीन टक्क्यांच्या बाटलीहून हें ऐंशी-नव्वद लक्ष पटींनीं विरळ आहे.

सुपरऑक्साइडच्या बाजूलाहि ‘सॉक्सआर’ नांवाचा असाच एक पहारेकरी आहे. त्याची खूणगांठ गंधकांची नसून लोह-गंधकाच्या जुळणीची आहे. त्याच्या तपशिलांत येथें शिरत नाहीं. मात्र एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. कॅटलेजचा इतका डंका वाजला तो त्याच्या फेंसामुळें. रोजच्या व्यवहारांत जंतूच्या अंगांत जें अत्यल्प पेरॉक्साइड सतत तयार होतें, तें झाडून काढण्याचें काम मुख्यतः ‘एएचपी’ या दुसऱ्याच, फेंस न आणणाऱ्या एन्झाइमाकडे आहे, असें सीव्हर व इम्ले यांनीं २००१ मध्यें सिद्ध केलें. ज्याचा आवाज होतो त्याचाच इतिहास लिहिला जातो, हें रसायनशास्त्रांतहि खरें आहे.

ही सर्व विद्या केवळ जंतूंच्या घरगुती कारभाराची असती, तर ती पंडितांपुरती राहिली असती. परंतु १९७३ मध्यें बाबिअर व सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, मनुष्याच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी जंतूंचा सामना करतांना सुपरऑक्साइड मुद्दाम निर्माण करतात. आपलें शरीरच हें विष शस्त्र म्हणून वापरतें. तेव्हां जो जंतु आपल्या अंगांत घर करूं पाहतो त्याला ढाल हवीच. क्षयाचा जंतु तर ज्या पेशीनें त्याला गिळावें तिच्याच पोटांत राहतो.

क्षयाचें नांव निघालें कीं एके काळीं आमच्या मध्यमवर्गीय घरांत बोलणें थांबत असे. मिरज किंवा पांचगणी येथें रोग्याला पाठवावें आणि पत्राची वाट पाहावी, एवढेंच हातीं असे. १९५२ सालीं आयसोनियाझिड हें औषध आलें आणि ती स्थिति पालटूं लागली. १९५६ मध्यें मद्रास येथें स्थापन झालेल्या क्षयचिकित्सा केंद्रानें तीन वर्षांनीं असें दाखवून दिलें कीं, हें औषध व त्याचें जोडऔषध घरीं राहून घेणारा गरीब रोगीहि आरोग्यधामांतल्या रोग्याइतकाच बरा होतो. पण आयसोनियाझिड काम कसें करतें, हें कोणासच ठाऊक नव्हतें. एक विचित्र सूचना मात्र आरंभापासून मिळत होती. या औषधाला न जुमानणाऱ्या क्षयजंतूंपैकीं पुष्कळांचें कॅटलेज नाहींसें झालेलें असतें, आणि असे जंतु गिनीपिगला फारशी बाधा करीत नाहींत, हें मिडलब्रुक यांनीं अमेरिकेंत १९५३-५४ मध्यें नोंदविलें. ढाल टाकून देणारा सैनिक वांचतो, याचा अर्थ काय?

मद्रासच्या केंद्रांतहि याच वाटेचा एक धागा सांपडला. तेथील रोग्यांच्या कित्येक क्षयजंतूंवर औषधाचा चांगला परिणाम होई. पण ब्रिटिश रोग्यांच्या जंतूंशीं तुलना करतां ते पेरॉक्साइडनें लौकर मरत आणि गिनीपिगमध्यें सौम्य ठरत. मिचिसन, सेल्कन प्रभृतींचीं हीं निरीक्षणें १९६० च्या आसपास प्रसिद्ध झालीं. ढाल जितकी कच्ची तितका जंतु दुबळा, एवढें त्यांवरून सुचत होतें. औषधाचें कोडें त्यानें सुटलें नाहीं.

तें सुटलें १९९२ मध्यें. लंडनचे झांग व यंग आणि पॅरिसचे कोल यांनीं सहकाऱ्यांसह दाखविलें कीं, आयसोनियाझिड स्वतः विष नव्हेच. क्षयजंतूचें कॅटलेज त्याला विष बनवितें. पेरॉक्साइडसाठीं उगारलेली ढाल या निरुपद्रवी दिसणाऱ्या द्रव्यावर पडते, त्याचें रूप पालटतें, आणि तें पालटलेलें द्रव्य जंतूच्या मेणासारख्या कवचाची बांधणीच थांबवितें. म्हणून ढाल टाकणारा वांचतो. तीन वर्षांनीं, १९९५ मध्यें, याहून नवल बाहेर आलें. क्षयजंतूचें ऑक्सिआर जनुकच मोडकें आहे! ई. कोलायच्या घरीं जागा असणारा तो पहारेकरी येथें केव्हांच मरून पडला आहे, आणि त्याच्या हुकमतींतलें एएचपीहि त्यामुळें मंद आहे. हा जंतु आयसोनियाझिडला इतका हळवा कां, याचें एक कारण हें मानतात. कुष्ठाच्या जंतूची स्थिति नेमकी उलट आहे: त्याचा पहारेकरी शाबूत, पण कॅटलेजचें जनुक निकामी, म्हणून आयसोनियाझिड कुष्ठरोगावर चालत नाहीं.

क्षयजंतूनेंहि आपली वाट शोधली आहे. ढाल सर्वस्वी टाकली तर शरीराच्या पांढऱ्या पेशींपुढें टिकाव लागत नाहीं. ठेवली तर औषध मारतें. कॅटलेज गमावलेल्या कांहीं जंतूंनीं बदली म्हणून एएचपी वाढविलें असल्याचें १९९६ मध्यें दिसून आलें. परंतु जगभर सर्वांत अधिक आढळणारी तडजोड याहून काटकसरीची आहे. कॅटलेजच्या ३१५ व्या जागीं सेरीन हें अमिनो अम्ल असतें. तेथें थ्रिओनीन येतें, एवढाच फरक. तेवढ्यानें पेरॉक्साइडचा नाश बव्हंशीं पूर्ववत् चालू राहतो, आणि आयसोनियाझिडचें विष मात्र बनत नाहीं. आज आपल्या देशांतील प्रयोगशाळेंत औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोग्याची थुंकी तपासावयास येते, तेव्हां तिच्यांतील जंतूच्या डीएनएमध्यें जीं थोडीं ठिकाणें मुद्दाम पाहतात, त्यांत ही ३१५ वी जागा असते.